अस्वलाचं मांस, फ्रीजर आणि आपला कुकर

कॅनडातल्या सास्काटूनहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजारी शिकारी आहे. त्याने वसंतात मारलेल्या काळ्या अस्वलाचं चारेक किलो मांस आणि थोडं मूसचं, म्हणजे इथल्या थोराड हरणाचं, मांस भेट दिलं. दोन्ही घरच्या फ्रीजरमध्ये दोन महिने पडून आहे. शेजारी म्हणतो, महिनाभर गोठवलं की आतले किडे मरतात, बिनधास्त खा. मूसच्या तुकड्यांत तांदळाएवढ्या पांढऱ्या गाठी दिसल्या म्हणून ते फेकून द्यायचा विचार आहे. अस्वलाचं मांस मात्र एकदम स्वच्छ दिसतंय, म्हणून शनिवारी मित्रांना बोलावून त्याचे कबाब भाजायचे ठरले आहेत. पत्नी चार महिन्यांची गरोदर आणि शाकाहारी आहे, तिच्यासाठी त्याच जाळीवर भाज्या आणि पनीर. घरात कुत्रा आहे. आणि शेवटी, कुडाळकडे वडील आयुष्यभर रानडुक्कर खात आले, त्यांना कधी काही झालं नाही, मग इथेच एवढी भीती कशाला?

शनिवार जवळ आहे, म्हणून त्याचं आधी सांगते. अस्वलाचं कच्चं मांस थेट जाळीवर ठेवू नका. आणि मूसचं मांस फेकू नका.

तुम्ही दोन्ही तुकड्यांना लावलेला अंदाज बरोबर उलटा आहे, आणि यात तुमची चूक नाही. पश्चिम कॅनडात मांस तपासणीत मी पंचवीस वर्षं काढली, आणि शिकारीच्या मांसाबद्दल ज्यांनी ज्यांनी मला विचारलं त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी हाच अंदाज केला होता. एक गृहस्थ एकदा रानबदक घेऊन धावत आले होते. छातीचं मांस उघडलं तर आत भाताची शितं पेरल्यासारखी पांढरी लांबट दाणेदार रांग. ते सार्कोसिस्टिस नावाच्या परजीवीचे कोष. दिसायला किळसवाणे, पण बदकातल्या त्या जातीपासून माणसाला धोका असल्याचं आढळलेलं नाही. ते बदक त्यांनी माझ्यासमोर कचऱ्यात टाकलं, आणि जाताना मला प्रेमाने घरी धुरावलेल्या अस्वलाच्या सॉसेजचा डबा देऊ केला. त्या दोन वस्तूंपैकी मी कुठली घरी नेली नसती, हे त्यांना समजावायला मला अर्धा तास लागला.

त्या सॉसेजमध्ये असू शकणारा जीव म्हणजे ट्रायकिनेला. हा गोलकृमी. स्नायूत बसलेली त्याची अळी जेमतेम एक मिलिमीटर लांब असते, आणि तीही वेटोळं करून स्नायूच्या एका पेशीत बसते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. मांसाचा रंग बदलत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. ज्या पेशीत ती शिरते त्या पेशीचं ती रूपच पालटून टाकते, भोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं विणून घेते आणि तिथे वर्षानुवर्षं जिवंत बसून राहते. कुणीतरी ते मांस खावं, एवढीच तिला वाट बघायची असते.

आम्ही ती कशी शोधायचो ते सांगितलं तर ती किती लपलेली असते याची कल्पना येईल. श्वासपटलाचे (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचे) किंवा जिभेचे तुकडे घ्यायचे, बारीक करायचे, आणि 46 ते 48 अंश सेल्सिअस पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन घालून अर्धा तास ढवळत ठेवायचे. थोडक्यात, काचेच्या भांड्यात एक जठर तयार करायचं. मांस विरघळून जातं, अळ्यांना काही होत नाही. मग बारीक जाळीतून गाळायचं, निवळायला ठेवायचं आणि तळाशी बसलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. बहुतेक दिवस काहीच नसतं. पण ज्या दिवशी असतं त्या दिवशी भिंगाखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी एक वेटोळी दिसते, मग दुसरी, आणि कोमट पाण्याने त्या हळूहळू उलगडायला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठले नव्हते. तुम्ही राहता त्या सास्काटूनमध्येच कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेची परजीवींची प्रयोगशाळा आहे, आणि ट्रायकिनेलाच्या बाबतीत तिचा शब्द जगभर मानला जातो. दुकानातल्या मांसामागे अशी सगळी यंत्रणा उभी असते. शेजाऱ्याने दिलेल्या मांसामागे कुणीच नसतं. शिकारीचं मांस इथे दुकानातून विकायला सहसा परवानगी नसते, म्हणून ते भेट म्हणून फिरतं, आणि भेटीच्या मांसावर कुठल्याच पशुवैद्याचा शिक्का नसतो.

हाच जठराचा प्रयोग मग आपल्या पोटात होतो. आम्लाने अळ्या मोकळ्या होतात, लहान आतड्यात वाढतात, आणि आठवड्याभरात माद्या शेकड्यांनी नव्या अळ्या सोडायला लागतात. त्या रक्तातून शरीरभर जातात आणि सतत हलणारे स्नायू पकडतात: श्वासपटल, जीभ, जबडा, डोळ्यांचे स्नायू. म्हणून आधी एकदोन दिवसांत पोट बिघडतं किंवा काहीच होत नाही, आणि एकदोन आठवड्यांनी, कधी महिन्याभराने, ताप, अंग मोडून निघेल अशी स्नायुदुखी आणि डोळ्यांभोवती सूज येते. सगळ्यांना वाटतं फ्लू. अळ्यांची संख्या फार असेल तर हृदयाच्या स्नायूला आणि मेंदूलाही इजा होते, आणि माणूस दगावूही शकतो.

आता तुमच्या शेजाऱ्याचा फ्रीजर. 2022 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत साउथ डकोटामध्ये एक कुटुंब एकत्र जमलं होतं. कुणीतरी काळ्या अस्वलाचं मांस आणलं होतं. ते अस्वल मारलेलं होतं तुमच्याच सास्काचेवान प्रांताच्या उत्तर भागात. शिकारीची व्यवस्था करणाऱ्याने परजीवी मरावेत म्हणून मांस गोठवायला सांगितलं होतं, आणि त्यांनी ते 45 दिवस गोठवलं. मग भाज्यांबरोबर सळईला लावून कबाब केले. अस्वलाचं मांस मुळातच काळपट असतं, त्यामुळे शिजलंय की नाही ते रंगावरून कळेना. खायला सुरुवात झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की आतून कच्चं आहे, मग पुन्हा भाजलं. सहा जण आजारी पडले. त्यांतला एक 29 वर्षांचा तरुण 17 दिवसांत दोनदा रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा कुठे कुणीतरी त्याला काय खाल्लंस ते विचारलं. उरलेलं मांस 110 दिवस गोठलेलं असताना तपासलं, तर त्यात अळ्या जिवंत, हलत होत्या.

आणि त्या सहांपैकी दोघांनी अस्वलाचा एक तुकडाही खाल्ला नव्हता. त्यांनी फक्त त्याच मांसाबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. तुमच्या पत्नीची थाळी मला याच कारणाने सगळ्यात आधी आठवली.

शेजारी खोटं बोलत नाहीये, त्याचं ज्ञान दुसऱ्या जातीचं आहे. पाळीव डुकरात सापडणारी जात, ट्रायकिनेला स्पायरॅलिस, थंडीला हरते. डुकराचं मांस उणे 15 अंशांवर तीन आठवडे ठेवलं की ती मरते. अमेरिकेतले जुने नियम याच जातीवर बेतलेले होते आणि शिकाऱ्यांच्या दोन पिढ्या तेच पाठ करून बसल्या आहेत. उत्तरेकडच्या अस्वलांत, कोल्ह्यांत आणि लांडग्यांत असते ती नेटिव्हा जात, आणि तिच्या जवळची आणखी एक. विचार करा, बर्फात मेलेलं अस्वल महिनोन्‌महिने तसंच गोठून पडतं आणि वसंतात कोल्हा येऊन त्याचे लचके तोडतो. त्या बर्फात जी अळी तगली तिचाच वंश पुढे गेला. असं हजारो पिढ्या चाललं आहे. तुमचा फ्रीजर तिच्यासाठी नेहमीचा हिवाळा आहे.

धुरावणं, सुकवणं, मीठ लावणं यांचीही तीच गत. 1995 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोत सुकवलेल्या प्यूमाच्या (मोठ्या रानमांजराच्या) मांसातून हाच आजार पसरला होता. आलं-लसूण, लिंबू, दही, तिखट यांनी मांस मऊ होतं, अळी मरत नाही. मायक्रोवेव्ह एक बाजू उकळत्या कढईसारखी आणि दुसरी कोमट ठेवतो, त्यावर अजिबात भिस्त ठेवू नका.

ही भीती नवी नाही. 1835 मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात पहिल्या वर्षाला असलेल्या जेम्स पॅजेटला शवविच्छेदनात स्नायूवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं काही दिसलं (जुने कोष चुना साचून कडक झाले की एवढं दिसतं). त्यातून ही अळी सापडली. ती माणसाला मारते हे कळायला आणखी पंचवीस वर्षं गेली. 1860 मध्ये ड्रेस्डेनला एका मोलकरणीचा मृत्यू टायफॉइडवर खपला असता, पण झेंकर नावाच्या डॉक्टरने तिचे स्नायू भिंगाखाली घातले. पाचच वर्षांनी जर्मनीतल्या हेडर्सलेबेन या छोट्या गावात तीनशेहून जास्त माणसं एका वेळी आजारी पडली आणि शंभरेक दगावली, आणि तिथून पुढे डुकराच्या मांसाची सक्तीची तपासणी सुरू झाली. माझा पेशाच त्या गावाच्या मरणातून जन्मला, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आले.

मग अस्वलाला असतो आणि मूसला का नाही? ट्रायकिनेला एका प्राण्याच्या मांसातून दुसऱ्याच्या पोटात जातो, त्याला दुसरी वाट नाही. त्यामुळे जो मांस खातो, मेलेलं उकरून खातो, त्याच्यातच तो असतो: अस्वल, लांडगा, कोल्हा, प्यूमा, रानडुक्कर, समुद्राकाठी वालरस. मूस आणि हरणं पाला-फांद्या खातात. तुमच्या मूसमध्ये दिसलेल्या गाठी बहुधा पट्टकृमीचे कोष आहेत, टीनिया क्रॅबे जातीचे. त्याचा पुढचा मुक्काम लांडग्याच्या किंवा कुत्र्याच्या आतड्यात असतो, माणसाच्या नव्हे. गाठी कापून काढा, फारच भरलेला तुकडा असेल तर तेवढा टाका, बाकीचं नीट शिजवून खुशाल खा. एका गोष्टीची मात्र खात्री करून घ्या. गाठी पारदर्शक किंवा पांढऱ्या असतील तर ठीक. पिवळा पू, घाणेरडा वास किंवा हिरवट डाग असेल तर तो परजीवी नाही, सडका संसर्ग आहे, आणि तो भाग कुणीच खाऊ नये. मांस मूसचं असो की हरणाचं, त्या जनावराची क्रॉनिक वेस्टिंग डिसीजसाठी (हरणवर्गीय जनावरांचा मेंदू पोखरणाऱ्या आजारासाठी) तपासणी झाली होती का, तेही शेजाऱ्याला विचारा. तो परजीवी नाही, शिजवून जात नाही, आणि माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नसलं तरी बाधित जनावर खाऊ नये हाच सल्ला आहे. सास्काचेवानमध्ये हा आजार हरणांत पसरलेला आहे.

कुत्र्याला यातलं काहीही कच्चं घालू नका, एक तुकडासुद्धा नाही. मूसच्या गाठी तुम्हाला काही करत नाहीत, पण कुत्र्यात त्यांचा पट्टकृमी होतो. त्याहून वाईट म्हणजे मूसच्या फुप्फुसात आणि काळजात (यकृतात) हायडॅटिडचे, म्हणजे दुसऱ्या एका पट्टकृमीचे, कोष असू शकतात. आपल्याकडे हायडॅटिड शेळ्यामेंढ्यांच्या काळजात दिसतो, खाटीक तो काढून टाकतो आणि दाराशी बसलेला कुत्रा तो गिळतो. चक्र तेच आहे, फक्त इथे मेंढीच्या जागी मूस आहे. कोष खाऊन माणसाला काही होत नाही. तो खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, अंगावरच्या केसांना लागतात, आणि त्याच्या गळ्यात हात टाकून बसणाऱ्या मुलाच्या काळजात पुढे वर्षानुवर्षं फुगा वाढत राहतो. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात तर कोल्ह्या-कायोटींमधल्या, माणसाच्या काळजात गाठीसारख्या पसरणाऱ्या दुसऱ्या जातीचे रुग्ण गेल्या काही वर्षांत वाढलेले आहेत. शेजारी कुत्र्यासाठी म्हणून फुप्फुसं देऊ लागला तर हात जोडून नाही म्हणा.

पत्नीसाठी मला दुसऱ्याच जीवाची काळजी आहे, आणि तो मूसमध्येही असू शकतो. टोक्सोप्लाझ्मा. याची अंडी मांजरवर्गाच्या विष्ठेतून मातीवर, गवतावर येतात, म्हणून गवत खाणारं जनावरही सुटत नाही. तिथल्या रानात लिंक्स नावाची रानमांजरं आहेतच. हे चक्र मांजरापर्यंत जातं हे 1970 च्या आसपास ज्यांनी उलगडलं त्यांत जितेंदर दुबे हे भारतातून पशुवैद्यक शिकून गेलेले शास्त्रज्ञ होते, आणि आमच्या पिढीच्या पशुवैद्यांना त्याचा फार अभिमान वाटायचा. निरोगी माणसाला टोक्सोप्लाझ्माने बहुतेक वेळा कळणारही नाही असं काहीतरी होतं. पण बाईला गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर ती वारेतून बाळापर्यंत जाते, आणि बाळाचे डोळे आणि मेंदू यांना धक्का लागतो. पत्नी मांस खात नाही हे चांगलंच, पण ते कापणं, धुणं, त्याची पिशवी उचलणं हे सगळं पुढचे पाच महिने तुम्ही करा. या बाबतीत गोठवणं उपयोगी पडतं: टोक्सोप्लाझ्माचे मांसातले कोष घरच्या फ्रीजरमध्ये काही दिवसांत मरतात. तरी पुढच्या भेटीत तिच्या डॉक्टरांना टोक्सोप्लाझ्माच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. बागेतल्या मातीत हात घालताना हातमोजे, आणि न धुतलेली कोथिंबीर नको.

आता वडिलांचं रानडुक्कर. त्या मांसात काहीच नव्हतं, असं कुणालाच सांगता येणार नाही, कारण ते कुणी तपासलं नव्हतं. उत्तराखंडात रानडुकराचं अर्धकच्चं मांस खाऊन लोक ट्रायकिनेलाने आजारी पडल्याची नोंद आहे, तेव्हा आपल्या देशात हा जीव नाही असं म्हणायची सोय नाही. वडिलांना वाचवलं ते आईच्या, आजीच्या चुलीने. राठ मांस, बोराएवढे तुकडे, वाटप लावून टोपात दोन-दोन तास रटरटणारा रस्सा. असल्या टोपात कुठलीही अळी टिकत नाही. आपण मराठी माणसं मांस लालसर ठेवून खात नव्हतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण त्याच एका सवयीवर तरलो. परदेशात आल्यावर मसाला तोच राहिला, पण शिजवायची सवय बदलली, आणि म्हणून भीती ‘इथेच’ आहे. आणखी एक, तिकडे भारतात परवानगीशिवाय रानडुकराची शिकार करणं आणि ते मांस बाळगणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गावी गेल्यावर कुणी डबा पुढे केला तर तेही लक्षात असू द्या.

त्याच ओघात नेहमी विचारला जाणारा प्रश्न निकाली काढते. डुकराचं मांस खाऊन मेंदूत किडा होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. अर्धकच्च्या डुकरातून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, कच्च्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून पोटात गेल्यावर. म्हणून जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही त्या होतात.

कच्चंच खायची रीत असलेल्या लोकांनी काय करावं, याचंही एक उत्तर मला माहीत आहे आणि मला ते फार आवडतं. कॅनडात उत्तर क्वेबेकमधले मूळ रहिवासी, इन्युइट, वालरस कच्चा, आंबवून खातात. त्यांनी रीत सोडली नाही. नव्वदच्या दशकापासून शिकारी प्रत्येक वालरसची जीभ त्यांच्याच नुनाविक प्रदेशातल्या स्वतःच्या प्रयोगशाळेत पाठवतात, आणि निकाल येईपर्यंत मांस वाटत नाहीत. तुमच्या हातात जीभ नाही, चार किलो मांडीचं मांस आहे. म्हणून तुमच्याकडे उष्णता हाच एक मार्ग.

मांसाच्या गाभ्यात 74 अंश सेल्सिअस, हा आकडा. तो वीस-पंचवीस डॉलरच्या सुईच्या थर्मामीटरने मोजायचा, सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी, हाडाला न टेकवता. रंग बघून नाही, रस कसा गळतो ते बघूनही नाही. आणि आपली ती जुनी खोड, ‘शिजलंय का बघू’ म्हणून टोपातला एक तुकडा उचलून तोंडात टाकायची, ती अस्वलाच्या बाबतीत सोडा. तो तपासणीचा तुकडाच कच्चा असतो.

आधी कुणी चाखलं असेल, किंवा पुढे कधी चूक झाली, तर सहा ते आठ आठवडे लक्ष ठेवा. ताप, स्नायुदुखी, डोळ्यांभोवती सूज यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरकडे जाऊन पहिल्याच वाक्यात सांगा: मी अस्वलाचं मांस खाल्लं आहे. ते विचारतील अशी वाट बघू नका. साध्या रक्ततपासणीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, आणि तिथून दिशा मिळते. प्रतिपिंडांची तपासणी पहिले दोनतीन आठवडे नकारात्मक येऊ शकते, तिने निर्धास्त होऊ नये. अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं, कारण स्नायूत जाऊन बसलेल्या अळीवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. गरोदर बाईला ते औषध देताना डॉक्टरांना फार विचार करावा लागतो, आणि म्हणूनच तुमच्या पत्नीच्या ताटाबद्दल मी एवढी अडून बसले आहे.

शनिवार रद्द करायची गरज नाही. शुक्रवारी मांस फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोल भांड्यात वितळायला ठेवा, म्हणजे पाणी कोशिंबिरीच्या भाज्यांवर गळणार नाही. शनिवारी सकाळी वेगळ्या पाटावर, वेगळ्या सुरीने दीड इंची तुकडे करा, आणि दोन्ही लगेच गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. तुकडे आलं-लसूण, हळद आणि थोडं मीठ लावून कुकरला लावा. पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. आत शंभर अंशांच्या बराच वर पारा जातो, इन्स्टंट पॉट असला तरी. थंड झाल्यावर दही-मसाला लावून ठेवा. कच्चं मांस ज्या भांड्यात होतं ते भांडं न धुता पुन्हा वापरू नका. संध्याकाळी जाळी स्वच्छ घासून तापवा, तिच्यावर आधी पत्नीचं पनीर आणि भाज्या भाजून तिचं ताट वाढा, आणि मग शिजलेले तुकडे सळईला लावून धुराचा वास येईपुरते फिरवा. कुकरमध्ये उरलेलं, शिजलेलं पाणी फेकू नका. त्यात गरम मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घातलं की उकळी येईपर्यंत त्याचा रस्सा तयार होतो.